बारा फेऱ्यांचं पाणी

हुकूमनाम्यात पाण्याचं माप नव्हतं, चाकाच्या फेऱ्या होत्या. रोज सकाळी सात वाजता बंधाऱ्यावरचं चाक बारा वेळा फिरवून दरवाजा उचलायचा, संध्याकाळी सातला तितक्याच वेळा उलटं फिरवून तो खाली टेकवायचा. मधल्या वेळात कालव्यातून जे जाईल ते बंधाऱ्याखालच्या लोकांचं, बाकी सगळं वरच्यांचं. त्रेचाळीस वर्षांपूर्वी असा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना लोक अजून हसतात, पण त्यांची अडचण कोणी ऐकून घेत नाही. जागेची पाहणी करायला ते गेले तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापल्या पट्ट्या आणल्या होत्या, आणि एकाच दरवाजाची उंची दोन पट्ट्यांवर दोन प्रकारची भरत होती. अर्धा दिवस पट्टी कोणाची खरी यातच गेला. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "चाक तरी एकच आहे ना?"

एकच होतं. मग ठरलं की वरच्यांचा माणूस चाक फिरवणार, खालच्यांचा माणूस शेजारी बसून मोजणार, आणि दोघंही रजिस्टरात सह्या करणार. फिरवणाऱ्याने मोजायचं नाही. मोजणाऱ्याने चाकाला हात लावायचा नाही. पहिल्याच वर्षी मोजणारा खिडकीतून बाहेर बघत बसला आणि फेऱ्या अकराच झाल्या, अशी तक्रार आली; तेव्हा आणखी एक कलम जोडलं गेलं, कलम सहा: "मोजणाऱ्याने पूर्ण वेळ दृष्टी चाकावर ठेवावी."

या कलमाचं पालन खालच्यांच्या मोजणीवालीने चौदा वर्षं डोळ्यांत तेल घालून केलं. नवरा मोजणीला होता, तो गेल्यावर ही त्याच्या स्टुलावर बसली. तिला सगळे बाराताई म्हणत. चाक फिरवणारे ते चाकवाले दादा. वय बासष्ट, खांदा उजवीकडे उतरलेला, बोलणं कमी आणि तेही बहुतेक वेळा चाकाशी.

पाणी कमी पडू लागल्याला नऊ वर्षं झाली होती. पहिली सहा वर्षं पाऊस यथातथाच होता, त्यामुळे दोष आभाळावर गेला आणि आभाळाने तो मुकाट घेतला. पुढची तीन वर्षं पाऊस चांगला झाला, बंधारा भरला, तरी खालच्या गावात नळ चौथ्या दिवशीच. तिथल्या दवाखान्यात ऑपरेशनच्या तारखा नळाच्या दिवसाप्रमाणे ठरत. आता दोषाला एखादा माणूसच हवा होता, आणि रोज दरवाजाशी बसणारं खालच्यांचं माणूस एकच होतं.

खालच्यांच्या पाणी समितीने कोर्टात अर्ज केला की वरचे फेऱ्या कमी देतात. वरच्यांचा वकील शांतपणे उभा राहिला आणि म्हणाला, "रजिस्टर पाहावं. रोज बारा. खाली त्यांच्याच बाईची सही." झालं. आता खालच्यांना केस जिंकायची तर बाराताई लबाड ठरायला हवी होती. ती प्रामाणिक ठरली तर फेऱ्या बाराच ठरणार आणि पाणी आहे तेवढंच राहणार. तेव्हा समितीच्या सचिवाने शपथपत्र दिलं की मोजणीवालीने वरच्यांकडून लाच खाल्ली आहे. सचिव म्हणजे तिचा सख्खा दीर. दोघं एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात जेवणारे. शपथपत्रावर सही केली त्या दिवशीही त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता आणि वाढला तिनेच, असं तिनेच मला पुढे सांगितलं. आरोप सिद्ध झाला तर फौजदारी होणार होती. पण तिला भीती होती ती निराळीच. "मुलगी त्याच गावात शाळेत शिकवते. वर्गात पोरं बाटल्या वाजवतात, रिकाम्या."

कोर्टाने चौकशीला कमिशनर नेमला, एक निवृत्त न्यायाधीश. त्यांचा कारकून मी. कारकुनाला मत नसतं, अक्षर असतं. त्यामुळे दुसऱ्यांची अक्षरंही त्याला जरा जास्तच दिसतात. पाहणीच्या आदल्या आठवड्यात मी चौदा वर्षांची रजिस्टरं चाळली. फेऱ्यांच्या रकान्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, बारा आणि बारा. मी सह्या वाचत गेलो. बाराताईची सही चौदा वर्षं तीच होती, शाळेतल्या फळ्यावर काढावी तशी गोल. चाकवाल्या दादांची सही मात्र पहिली पाच वर्षं एखाद्याने चालत्या बैलगाडीत केल्यासारखी होती. मग एका सोमवारपासून ती सरळ झाली आणि तशीच राहिली. माणसाचं अक्षर वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तेही सोमवारी, सुधारत नाही. मी तारीख लिहून ठेवली.

पाहणीच्या दिवशी सकाळी पावणेसातला आम्ही चाकघरात होतो. चाकघर म्हणजे बंधाऱ्यावरची एक खोली. मधोमध पुरुषभर उंचीचं लोखंडी चाक, त्याच्यामागे ग्रीसने काळा झालेला आट्यांचा जाड दांडा, जो चाक फिरलं की वर सरकतो आणि त्याच्याबरोबर खालचा दरवाजा उचलला जातो. भिंतीवर काचेत हुकूमनामा. टेबलावर रजिस्टर, त्याला सुतळीने बांधलेलं पेन. खिडकी एक, कालव्याच्या बाजूची, आणि मोजणाऱ्याचं स्टूल बरोबर तिच्याकडे पाठ करून. दोन्ही वकील आले होते, दीरही आला होता. वहिनीकडे न बघता तो हुकूमनामा वाचत होता, जसा काही पहिल्यांदाच.

"या दादा," बाराताई म्हणाली, "आज प्रेक्षक आहेत. जरा ऐटीत फिरवा."

"ऐट कसली," दादा चाकाला हात घालत म्हणाले, "तू मोज नीट. नाहीतर म्हणतील बाईला पाढे येत नाहीत."

"बाराचा पाढा तेवढा येतो. एकपर्यंत."

कमिशनर साहेब हसले नाहीत, पण पेन खिशाला लावायला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला.

चाक फिरलं. प्रत्येक फेरीला ती मोठ्याने आकडा म्हणत होती, मान ताठ, नजर चाकावर रंगवलेल्या पांढऱ्या खुणेवर. एक, दोन, तीन. सगळे मनात तिच्याबरोबर मोजत होते, दीरही. त्याचे ओठ हलत होते. बारा झाल्या. दादांनी खिट्टी लावली, कपाळ न पुसता टेबलाशी आले आणि सही केली. वरच्यांच्या वकिलाने हात असे पसरले की पुढे काही बोलायची गरजच नव्हती.

मी साहेबांपुढे दोन रजिस्टरं उघडून ठेवली, नऊ वर्षांपूर्वीची आणि आजची. साहेबांनी चष्मा लावून दोन्ही सह्या पाहिल्या, मग दादांच्या हातांकडे पाहिलं.

"सही केव्हा करता तुम्ही?"

"चाक फिरवलं की लगेच, साहेब. नियमच आहे."

"मग पूर्वी हात थरथरायचा, आता थरथरत नाही. असं कसं?"

"म्हातारपणी अक्षर सुधारलं असेल, साहेब."

बाराताईला खुदकन हसू आलं. आणि ते अर्ध्यावरच थांबलं. तिने दादांकडे पाहिलं, दादांनी खिडकीकडे.

वरच्यांच्या दुरुस्तीच्या फायली माझ्या पिशवीत होत्या. त्या सोमवारच्या आदल्या रात्रीची एका ओळीची नोंद होती: "चाक जड जात असल्याने फिटरकडून दांडा बदलून चाक हलके करून घेतले. काम समाधानकारक." ती ओळ मी वाचून दाखवली. फिटर चार वर्षांपूर्वी वारला होता. वरच्यांचा वकील म्हणाला की दुरुस्ती म्हणजे बदल नव्हे, आणि फेऱ्या तेव्हाही बारा होत्या, आताही बारा आहेत.

"जुना दांडा कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"भंगारात गेला असेल," दादा म्हणाले.

साहेब बाहेर आले. चाकघराला लागून दादांची खोली होती. तिथे त्यांची बायको दहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. मागच्या अंगणात कपडे वाळत घातले होते. दोरीचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला, दुसरं एका गंजलेल्या खांबाला. खांबाला आटे होते, आणि त्या आट्यांच्या खाचांत कपड्यांचे चिमटे एकाखाली एक नीट अडकवून ठेवले होते. रोज सकाळी मोजणी झाल्यावर बाराताई आत जाऊन दादांच्या बायकोचे केस विंचरून देई आणि धुतलेल्या चादरी याच दोरीवर घाली. नऊ वर्षं तो दांडा तिच्या हाताखाली होता.

दोन्ही वकिलांनी एकदम आपापल्या टेपा काढल्या. एकाने म्हटलं दुसऱ्याची टेप कापडी आहे, ताणली जाते. साहेबांनी मला खूण केली. मी आत जाऊन रजिस्टराच्या पेनाची सुतळी सोडून आणली. साहेबांनी ती खांबाला उभी लावली, बोटाने आटे मोजले, नऊवर गाठ मारली. मग चाकघरात येऊन तीच सुतळी नव्या दांड्याला लावली. "मोजा," ते बाराताईला म्हणाले.

तिने मोजायला सुरुवात केली. नऊ आले तरी गाठ अजून खालीच होती. दहा. अकरा. बारावर गाठ आली.

कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. पूर्वी नऊ फेऱ्यांत दरवाजा जेवढा उचलला जायचा, तेवढा आता बारा फेऱ्यांत उचलला जात होता. आटे बारीक, म्हणून चाक हलकं. चाक हलकं, म्हणून पाणी पाऊण. नऊ वर्षं रोज बारा फेऱ्या दिल्या गेल्या, खऱ्या मोजल्या गेल्या, आणि खालच्यांचं पाव पाणी बंधाऱ्यामागेच राहिलं.

दीराने पहिल्यांदा वहिनीकडे पाहिलं.

जबाब चाकघरातच घेतले. दादांना स्टुलावर बसवलं. ते म्हणाले, "फिटरला मी एवढंच म्हटलं होतं की खांदा गेलाय, काहीतरी कर. त्याने काय केलं ते मला कळलं नव्हतं."

"कधी कळलं?"

"तिसऱ्या महिन्यात. दरवाज्यावर जुनी गंजाची रेघ आहे, पूर्वी इथवर यायची. ती येईना."

"मग सांगितलं का नाही?"

दादांनी शेजारच्या खोलीकडे बोट केलं. "सांगितलं असतं तर जुना दांडा बसवला असता. तो माझ्याने फिरला नसता. फिरला नसता तर दुसरा माणूस आला असता. खोली चाकवाल्याची आहे, साहेब. हिला घेऊन कुठं जायचं होतं?" मग म्हणाले, "पहिलं वर्षभर रोज ठरवायचो, उद्या सांगू. मग पाऊस आणखी कमी झाला. म्हटलं, तसंही पाणी नाहीच आहे."

मी लिहून घेतलं.

मग बाराताई. खालच्यांचा वकील तिच्याजवळ वाकून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाला, "बाई, काही घाबरू नका. चाकाला काय झालं होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची फसवणूक झाली. एवढंच सांगा." सल्ला अगदी योग्य होता. तेवढं म्हटलं असतं की ती सुटली असती. पाणी मिळालं असतं, केस जिंकली असती आणि गावात नाव सोन्यासारखं झालं असतं. सगळा बोजा चाकवाल्यावर, आणि त्याने तो आधीच कबूल केला होता. दीरसुद्धा मानेनेच हो म्हणत होता.

तिने शपथ घेतली.

"दांडा बदलला हे तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"चाकाबद्दल काही माहीत होतं?"

वकिलाने घसा खाकरला.

"चाक हलकं करून घ्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते," ती म्हणाली. "ते ऐकत नव्हते. फिरवून झालं की हात धरून बसायचे, सही करता यायची नाही. मी म्हटलं, दादा, फिटर येतो तेव्हा सांगा की, लोखंडाला काय कळतंय. चार वेळा म्हटलं असेन."

"वहिनी!" दीर मागून म्हणाला. मग आपण कुठे आहोत ते आठवून, "म्हणजे, साक्षीदार—"

"बोलू द्या त्यांना," साहेब म्हणाले.

"आणि हलकं झालं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. चाकाचा आवाजच बदलला होता. मी म्हटलं, दादा, तुम्ही तर तरुण झालात. मला बरं वाटलं होतं, साहेब."

"हलकं कशाने झालं, हा विचार आला नाही?"

"ग्रीसने, असं वाटलं."

"चौदा वर्षं तिथे बसता. एकदाही वळून पाण्याकडे पाहिलं नाहीत?"

तिने भिंतीवरच्या काचेकडे बोट केलं. "चाकाकडे बघायचं लिहिलंय. माझे यजमान सांगून गेले होते, सगळं विसरलीस तरी चालेल, कलम सहा विसरू नकोस. पाण्याकडे बघायला मी आहे कोण, असंच वाटायचं."

खाली दरवाज्यातून पाणी जात होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. चाकघरातल्या कागदांत त्या आवाजाची नोंद कुठेच नव्हती.

अहवाल आठ दिवसांत झाला. लाच घेतल्याचा पुरावा नाही. फेऱ्या कमी दिल्याचाही नाही. जुना दांडा पुन्हा बसवावा. तो एका माणसाला जड असल्याने वरच्यांनी दोन माणसं नेमावीत. गेल्या नऊ वर्षांच्या पाण्याबद्दल हुकूमनाम्यात तरतूद नाही, सबब पक्षांनी वाटल्यास स्वतंत्र दावा करावा. चाकवाल्याला सेवेतून कमी करावं, मात्र पर्यायी सोय होईपर्यंत खोली सोडायला लावू नये; एवढं साहेबांनी स्वतःच्या हाताने वाढवलं. आणि मोजणीवालीने चाकाच्या कामात हस्तक्षेप केल्याचं तिच्याच जबाबावरून दिसत असल्याने समितीने तिच्या जागी दुसरी नेमणूक करावी.

अहवालाची प्रत मागायला ती माझ्या टेबलाशी आली. साधी साडी, हातात छत्री, बाहेर ऊन.

"त्यात लाच नाही असं एक वाक्य आहे म्हणे. तेवढ्याची नक्कल मिळेल? मुलीला द्यायची होती."

"एका वाक्याची नक्कल देता येत नाही," मी म्हटलं. "द्यायची तर पूर्ण. त्यात तुमचा जबाबही येईल."

"मी बोलले ते सगळं?"

"शब्द न् शब्द."

तिने जरा विचार केला. घरात, शाळेत, नळावर तो कागद कोण कोण वाचेल याची यादी ती मनात करत असावी. मीही तीच करत होतो. अर्धे लोक तिला मूर्ख म्हणतील आणि उरलेले म्हणतील, बघा, आतून सामील होतीच.

"पूर्णच द्या," ती म्हणाली. "अर्धं वाचून लोकांनी खूप वर्षं काढली."

जुना दांडा बसवला त्या सकाळी आम्हाला हजर राहायचं होतं. नव्या मोजणाऱ्याच्या नेमणुकीचा ठराव समितीच्या पुढच्या बैठकीत व्हायचा होता, तोवर स्टूल बाराताईचंच. चाकाला वरच्यांचे दोन दांडगे गडी लागले होते. दादा दाराबाहेर उभे होते, आत यायचा त्यांना आता अधिकार नव्हता. अंगणात दोरी भिंतीपासून झाडाला बांधलेली दिसत होती. दीर समितीतर्फे आला होता. त्याने वहिनीसाठी घरून डबा आणला होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"एक," बाराताई म्हणाली.

गडी वाकले. चाक करकरलं. "दोन." पूर्वी दादा हे एकटे कसे करत, ते त्या दोघांच्या मानेच्या शिरांवरून कळत होतं. "तीन. चार. पाच."

सहा म्हणताना ती उठली. स्टूल बाजूला सारलं, चाकाकडे पाठ केली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"अहो बाई, चाकाकडे!" वरच्यांचा वकील ओरडला. "साहेब, कलम सहा—"

साहेब हुकूमनाम्याच्या काचेवरची धूळ रुमालाने पुसत होते. त्यांना ऐकू कमी येतं असं मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"सात," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मी चाकाकडे पाहिलं, सातच होत्या. "आठ." दाराबाहेर दादांचे ओठ हलत होते. "नऊ." इथवर रोज पाणी येत होतं. मीही दोन पावलं पुढे जाऊन बघितलं. कालव्याच्या भिंतीवर नऊ वर्षं कोरडा राहिलेला पट्टा होता, पांढरा, चुन्यासारखा. "दहा." पाण्याने पट्ट्याची खालची कड ओली केली. "अकरा." हा आकडा तिने इतका हळू म्हटला की गड्यांनी थांबून मागे वळून पाहिलं.

"थांबू नका," दादा बाहेरून म्हणाले.

बारावी फेरी झाली तेव्हा ती काहीच बोलली नाही. पांढरा पट्टा उरला नव्हता. गड्यांनी खिट्टी लावली. दीराने, नेमकं कोणाला ते कळलं नाही, "बारा" असं सांगितलं.

सह्या झाल्या. रजिस्टर आता कोर्टाच्या कपाटात आहे, तारीख शोधायला मला वेळ लागत नाही. त्या पानावर दोन्ही गड्यांच्या सह्या रकान्याबाहेर गेल्या आहेत. त्यांच्या शेजारी बाराताईची आहे. तिने चाकाला हात लावला नव्हता, कलमाप्रमाणे तो लावायचाच नव्हता. तरी ती सही चौदा वर्षांत पहिल्यांदा गोल आलेली नाही.